लॉरीवरचा शेंदूर

बाबा,

एका अन्यायाची दाद मागायची आहे आणि या घरात न्याय देईल असं दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हांला लिहायला बसलो आहे. तुमच्या पहिल्या लॉरीचा पितळी भोंगा आईने नरसाळं म्हणून वापरायला काढला आहे. त्याचा रबरी फुगा लढाई सुरू झाली तेव्हाच चिरला, नवं रबर औषधालाही मिळत नाही, आणि तो बिचारा मुका होऊन फळीवर पडला होता, हे सगळं मला मान्य. पण ज्या भोंग्याच्या आवाजाने कापूरहोळच्या नाक्यावर रवंथ करणाऱ्या म्हशी उठून उभ्या राहत, त्याच्या तोंडातून आज घाण्याचं तेल बरणीत उतरावं, हे कोणत्याच शास्त्रात बसत नाही. मी आईला तसं म्हणालो. ती म्हणाली, "त्यांच्या हातात होता तेव्हा नुसता बोंबलायचा. आता निदान कामाला येतोय." हा टोला भोंग्याला होता की तुम्हांला, हे मी विचारलं नाही. तुम्ही असता तर विचारलं असतंत आणि संध्याकाळचं जेवण गमावलं असतंत.

गाऱ्हाणं संपलं. बाकी सर्व क्षेम आहे. लॉरी दारात उभी आहे. तुम्ही पाहिलेली ही नव्हे. तिच्यानंतर एक झाली आणि ही तिच्यानंतरची. पेट्रोल मोजून-मापून मिळतं म्हणून हिच्या पाठीला कोळशाच्या गॅसचा बंब बसवून घेतला आहे. आपल्या न्हाणीघरातल्या बंबाचा थोरला भाऊ समजा. पहाटे उठायचं, त्यात वेल्ह्याकडचा कोळसा भरायचा, पंखा फिरवत राहायचं आणि इंजिन धरेपर्यंत मनातल्या मनात जप करायचा. वाईच्या पाठशाळेत गुरुजींनी आम्हांला शिकवलं होतं की जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. या बंबाबद्दल मी एवढंच सांगू शकतो की धूर निश्चित आहे. शिवाय या बंबाचं स्वतःचं वजन आहे आणि ते गाडीच्या पोटातून जातं. जेवढा बंब तेवढा माल कमी घ्यायचा, एवढी साधी गोष्ट गिऱ्हाइकांच्या गळी उतरवताना माझी निम्मी विद्या खर्ची पडते. "बंब काय भाडं देतो का?" असं ते विचारतात. उरलेली निम्मी विद्या गप्प बसण्यात जाते.

सध्या लॉरीवर भाताच्या गिरणीचं जुनं तेल-इंजिन चढवलेलं आहे. इथल्या गिरणीवाल्याने दुसरं घेतलं, आणि हे जुनं वेल्ह्याच्या एका गृहस्थाने उचललं. ठेंगणं, काळं, दोन बाजूंना दोन बोजड चाकं असलेलं ते धूड दुपारपासून आमच्या दारात बसून आहे आणि गल्लीतली निम्मी माणसं त्याचं दर्शन घेऊन गेली. उद्या सकाळी ते घेऊन माझा मुलगा, तुमचा नातू, निघेल. रिकामी गाडी तो कधीपासून एकटा नेतो. भरल्या गाडीवर माझ्याशिवाय बसण्याची ही त्याची पहिली वेळ. इथून कापूरहोळ, मग नसरापूर, मग विंझर, आणि विंझरच्या पुढे ओढ्याकडे घसरत जाणारा तो उतार, ज्याला तुम्ही "सासरा" म्हणत असा. कारण त्याच्यापुढे मान खाली घालूनच जावं लागतं.

आता तुम्ही कधी कबूल केली नाहीत आणि आता नाकारायलाही येऊ शकत नाही, अशी एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या घरात वजनाचा विचार शिरला तो उत्रोलीच्या चिखलातून. तुमच्या शहाणपणाचा त्यात काडीचा वाटा नव्हता. तोवर तुम्ही मारुतीची पूजा करत होतात आणि भात वाहणाऱ्या दोन बैलगाड्या चालवत होतात. त्या मोडून तुम्ही जुनी अमेरिकन लॉरी आणलीत, तेव्हा गावाने सोवळं-ओवळं, धर्म-अधर्म सगळं काढून पाहिलं, आणि शेवटी पुण्याला फुकट जायला मिळेल या आशेवर सोडून दिलं. तुम्ही हिशेब सरळ ठेवला होता. बैलगाडीत खंडीच्या मापाने भात भरायचा, तसाच लॉरीत भरायचा, फक्त जास्त. चार-सहा खेपा सुरळीत झाल्या. मग दिवाळीनंतर पेठेतल्या व्यापाऱ्याने भाताऐवजी कांडलेला तांदूळ दिला, आणि तुम्ही भाताइतकेच माप तांदूळ चढवलेत. खंडी ती खंडी. पण आपल्याकडची खंडी पडली पायलीने मोजायची, तराजूने नव्हे. भाताच्या पायलीत टरफल आणि हवा. तांदळाच्या पायलीत नुसता तांदूळ. ही चूक करायला आपल्या खोऱ्यातच जन्मावं लागतं. तोलून विकणाऱ्या मुंबईच्या अडत्याला ती कितीही प्रयत्न केला तरी साधणार नाही.

मी तेव्हा वाईहून सुट्टीला आलेलो आहे आणि तुमच्या शेजारी बसलो आहे. मांडीवर पंचा, डोक्यात गुरुजींनी दिलेला पाठ. उत्रोलीच्या अलीकडचा तो लहानसा उतार. उतार कसला, म्हातारी माणसं गप्पा मारत चढतात तो. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवता आणि गाडी ऐकत नाही. तुम्ही पाय रोवता, ती अजून ऐकत नाही. कसलातरी जळका वास येतो. मग तुम्ही हातब्रेक ओढता, आणि मग, बाबा, मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे, तुम्ही तिला "हो, हो, हो" म्हणता, बैलांना म्हणावं तसं. पुढे बायका डोक्यावर भारे घेऊन चाललेल्या. तुम्ही चाक डावीकडे फिरवता, बांध फुटतो आणि आपण कापणी झालेल्या ओल्या खाचरात उतरतो. आवाज काही मोठा झाला नाही. म्हैस डबक्यात बसते तशी लॉरी हळूच बसली. तुमचा चेहरा पांढरा आणि टोपी मात्र जागच्या जागी.

खाचराचा मालक विळा हातात घेऊन आला. त्याने आधी फुटका बांध पाहिला, मग लॉरी, मग तुम्हांला. "काय भटजी, मारुतीला सोडून आमच्या म्हसोबाला भेटाया आला व्हय?" एवढंच म्हणाला आणि बैल आणायला गेला. चार बैल जुंपून, निम्मी पोती उतरवून, गाडी संध्याकाळी रस्त्यावर आली. त्याला गूळपाणी देताना तुम्ही काही तरी कारणं सांगत होतात, ब्रेकची, तेलाची, रस्त्याची. त्याने ती ऐकून घेतली आणि मग म्हणाला, "बैलाला जड झालं की त्यो खाली बसतो. शेपूट पिरगाळा, चाबूक मारा, उठत न्हाई. तुमची ही मोटार बसतच न्हाई. मंग तिला जड झालं ह्ये तुमाला कळायचं कसं?"

"कळतं मला," तुम्ही म्हणालात.

"व्हय, दिसतंय की," तो म्हणाला आणि बैल घेऊन बांधाने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून आलात ते हातात शेंदराची वाटी घेऊन. मारुतीला लावून उरलेला, तेलात कालवलेला शेंदूर. लॉरीबरोबर आलेल्या पितळी पट्टीवर तिने किती वजन वाहावं हे कोरलेलं होतं. ती पट्टी इतके दिवस तुम्ही फक्त चिंच लावून घासत होतात. त्या दिवशी ती मला वाचायला लावलीत, टनांचे मण करायला लावलेत, काट्यावर तोलून तितकीच पोती गाडीत रचलीत, आणि मागच्या चाकाशी उकिडवे बसलात. माल चढतो तशा कमानी दबतात, म्हणजे ते एकावर एक रचलेले पोलादी पाटे सरळ होत जातात आणि वरची लाकडी तुळई खाली येते. त्या तुळईवर, टायरच्या काठाच्या अगदी जरासा वर, तुम्ही बोटाने शेंदराचा एक टिळा लावलात. टिळा दिसतो आहे तोवर माल घ्यायचा. तो टायरच्या आड गेला की पुरे. "गाडी बसत नाही," तुम्ही आईला समजावून सांगत होतात, "तर तिच्या वतीने कोणीतरी नाही म्हणायला हवं." हा विचार आपल्याला रात्री सुचला, असंही वर सांगितलंत. मी ऐकत होतो. मी काही बोललो नाही. वाईला मला मोठ्यांचा मान ठेवायला शिकवलं होतं.

पुढचं तुमच्याही हातात राहिलं नाही. विंझरच्या हमालांनी तो शेंदूर पाहिला आणि त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. मारुतीच्या पुजाऱ्याची गाडी, तिच्यावर शेंदूर, आणि ओझं वाहायचं काम. यात शंका घ्यायला जागा कुठे होती? पुढच्या खेपेला एकाने चाकाला हात लावून कपाळाला लावला. त्याच्या पुढच्या शनिवारी डोंगरातल्या वाडीवरून आलेल्या धनगरणीने रुईची माळ आणून तुळईला अडकवली. तुम्ही कात्रीत सापडलात. खरं सांगावं तर उद्यापासून पोती वाढणार. न सांगावं तर एका टिळ्याचा देव केल्याचं पाप. तुम्ही मला शास्त्राचा निर्णय विचारलात, थट्टेने नव्हे, अगदी पाटावर बसवून. मी म्हणालो की विधिपूर्वक प्रतिष्ठा झालेली नाही, तेव्हा शास्त्राने हा देव नव्हे. तुम्ही क्षणभर विचार केलात आणि म्हणालात, "त्याचं ऐकतात ना लोक? मग झाली प्रतिष्ठा."

आणि खरंच ऐकत. विंझरचा तो दुकानदार, पोट पुढे आणि शब्द त्याच्याही पुढे असलेला, एकदा हिरड्याच्या पोत्यांवर आणखी पोती टाका म्हणून हटून बसला. तुम्ही पट्टी दाखवलीत, मी मण आणि टन समजावले, तो हसत राहिला. शेवटी हमालांचा म्होरक्या चाकाशी वाकला, सरळ उभा राहिला आणि त्याला म्हणाला, "शेट, द्येव बुडला. आता एक बी पोतं न्हाई. तुमी टाका, आमी हात लावनार न्हाई." दुकानदाराने आपणहून दोन पोती खाली काढायला सांगितली आणि वर नारळ दिला. परतताना तो नारळ आपण वाटेत फोडून खाल्ला. तुम्ही म्हणालात, या गाडीचा खरा मालक कोण ते आज कळलं.

तुमच्या शिक्षणपद्धतीबद्दल मात्र मला आजही काही म्हणायचं आहे. वाईचं शिक्षण आटोपलं, शास्त्र्यांना कोणी आश्रय देईना, आणि मी तुमच्या हाताखाली आलो. मला वाटलं होतं, मला थेट चाकाशी बसवाल. तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवलंत. पाटावर मी, समोर तीन विटा, हातात आईचा पोळपाट, उजव्या बाजूला फटीत उभं रोवलेलं लाटणं. वीट दाब, लाटणं मागे, वीट सोड, हळू सोड, हळू म्हणजे काय ते कळत नाही का. आई चुलीशी कणीक मळून तयार, आणि तिचं लाटणं दुसऱ्या गेरमध्ये अडकलेलं. "घाट चढून झाला असेल तर पोळ्या करू का?" ती विचारते आहे. तुम्ही तिला थांबवता, कारण घाट अजून उतरायचा आहे. तुमचा मुख्य नियम तिथेच, त्या धुरात मी शिकलो, की ज्या गेरमध्ये चढलास त्याच गेरमध्ये उतर. उतारावर गाडी धरून ठेवायची ती इंजिनाने, ब्रेक फक्त आधाराला. मी उत्साहाने त्याचं सूत्र केलं, "येनारोहेत् तेनैवावरोहेत्". तुम्ही ते दोनदा म्हणवून घेतलंत, मान डोलावलीत आणि म्हणालात, "छान आहे. पण मागच्या चाकाला संस्कृत येत नाही."

मग पोत्याची परीक्षा. ती आपल्या घराखेरीज कुठे असल्याचं मी ऐकलेलं नाही. तांदळाचं पोतं पाठीवर घ्यायचं आणि नदीकडचा उतार उतरायचा. धावायचं नाही, थांबायचंही नाही. मी, कालपर्यंत सभेत वादाला उभा राहणारा, पोत्याखाली वाकून घाटाची वाट उतरतो आहे आणि धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून पाहत आहेत. चार पावलांत पोतं मला ढकलायला लागलं. चढताना ते मागे ओढतं हे माहीत होतं. उतरताना ते माणसाच्या आधी जायला बघतं, हे मला तेव्हा समजलं. गुडघे थरथरायला लागले. पाऊल लांब पडलं तर गेलोच. एक बाई म्हणाली, "शास्त्रीबुवा, पोतं तुमाला घिऊन चाललंय जनू." खाली तुम्ही उभे होतात. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाहीत, गुडघ्यांकडे पाहिलंत. "आता तुला ब्रेक कळला," म्हणालात. वाईला पदवी मिळाली तेव्हा शाल मिळायला हवी होती, ती देणारा कोणी भेटला नाही. तुम्ही त्या संध्याकाळी आपली शाल काढून मला दिलीत. उलगडली तर तिच्यात बाभळीचा ठोकळा, उभ्या गाडीच्या चाकाखाली लावायचा, नवा कोरा, कडा तासलेला. शाल आईने दुसऱ्या दिवशी परत मागून घेतली. ठोकळा अजून गाडीत आहे.

आणि शेवटचा नियम. पहिल्या भरल्या खेपेला शिकवणाऱ्याने शेजारी बसायचं नाही. शेजारी गुरू असला की शिष्याचं लक्ष रस्त्यावर नसतं, गुरूच्या तोंडावर असतं, असं तुमचं म्हणणं. माझी पहिली खेप मिठाची होती. सकाळी तुम्ही मला निरोप दिलात तो पेठेत कोथिंबीर आणायला पाठवावं तसा, पेपरातून डोकं वर न काढता. संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परत येतो तर तुम्ही उत्रोलीच्या पिंपळाखाली बसलेले. वैरणीचा भाव विचारायला आलो होतो, म्हणालात. बाबा, बैल विकून आपल्याला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. मी तेही काढलं नाही. तुम्ही गाडीत चढलात आणि सबंध वाटेत पावसाबद्दल बोलत राहिलात, तेही माघ महिन्यात.

आता इथलं. तुमचा नातू मॅट्रिक झाला, माझ्याहून उंच आहे आणि आईच्या मते तुमच्यावर गेला आहे, म्हणजे हट्टी. त्याचा हात चांगला आहे. गेर बदलतो ते शेजारी बसलेल्याला कळत नाही. गेल्या आठवड्यात कापूरहोळहून रिकामी गाडी घेऊन आला आणि इथे आम्ही तिच्यात मीठ भरलं. मी सवयीने चाकाशी उकिडवा बसलो. गाडी वरपर्यंत भरलेली आणि हिलाही मी तुमच्यासारखाच लावलेला टिळा टायरच्या दोन बोटं वर, न्हाऊन-माखून उभा असल्यासारखा. मी आधी खूश झालो, मग मला घाम फुटला. आत वाकून पाहिलं तर दोन्ही बाजूंच्या कमानींत एकेक जादा पाटा. कापूरहोळच्या लोहाराकडून घालून घेतलेला.

त्याने काही लपवलं नाही. "दादा, रस्त्यावरची प्रत्येक गाडी जादा पाट्याची आहे," म्हणाला. "लोकांचा माल पडून राहतोय, गाड्या नाहीत. आपणच तेवढे शेंदूर लावून बसलोय. आता देव बुडत नाही, बघा." मी त्याला रागावणार होतो. मग तुम्ही मला विटांसमोर बसवलं होतंत तसं त्याला ओट्यावर बसवलं. म्हटलं, टिळा म्हणजे देव नव्हे आणि वजनही नव्हे. तो धुरासारखा आहे. धुरावरून अग्नी ओळखायचा. आता कोणी अग्नी तसाच ठेवून धुराचं तोंड दाबलं, तर घर जळायचं थांबतं का? तू वजन कमी केलं नाहीस, फक्त ते दिसायचं बंद केलंस. पाटा ओझं उचलून धरेल. टायर, आस आणि ब्रेक आहेत तेच आहेत. त्यांना कोणी जादा पाटा घातला? तो ओट्यावरून उठला आणि चाकाशी वाकला. मग म्हणाला, "म्हणजे सासऱ्यावर..." आणि वाक्य पुरं केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः खाली शिरून दोन्ही पाटे काढले. आईला त्यातल्या एकाची विळी करून हवी आहे. म्हणते, असं पोलाद बाजारात मिळत नाही. भोंग्यापाठोपाठ आता कमानीही स्वयंपाकघरात चालल्या. ही गाडी हळूहळू सगळीच ती चुलीशी नेईल असं दिसतं.

इंजिनाचं वजन त्याच्यावरच्या पट्टीवर आहे. पोराने ते मांडलं, बंबाचं वजन मिळवलं, पहारी आणि साखळ्यांचंही धरलं, आणि कायद्याने हल्ली गाडीच्या अंगावर जे आकडे रंगवावे लागतात त्यांच्याशी ताडून पाहिलं. बसतं, वर थोडी जागा राहते. इंजिन मागच्या आसाच्या किंचित पुढे ठेवलं आहे, खाली आडवे वासे, चारी बाजूंनी साखळ्या. मी एकेक गाठ ओढून पाहिली. आई काठी टेकत बाहेर आली, चाकाशी वाकली आणि विचारलं, "बुडला का रे?" तो म्हणाला, "नाही आजी, नाकापर्यंत आलाय." ती हसत आत गेली.

आज दुपारी त्याला पोतं दिलं. नदीकडची वाट तीच आहे, धुणं धुणाऱ्या बायका दुसऱ्या, पण त्यांच्या जिभा त्याच. मी खाली तुमच्या जागी उभा राहिलो. तो आला तो झपझप चालत, पोतं पाठीवर उशीसारखं, एका बाईशी वाटेत दोन शब्द बोलून. खाली येऊन पोतं टाकलं, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "आणखी एक घेऊ का, दादा?" मी त्याच्या गुडघ्यांकडे पाहत होतो. ते हलले नव्हते. बायका हसल्या, मीही हसलो. मी त्याला पास केलं. न करायला कारणच नव्हतं.

आता ऊन उतरलं आहे, तो बंब साफ करतो आहे आणि काहीतरी गुणगुणतो आहे. उद्या त्याच्या शेजारी मला बसता येणार नाही, नियम तुमचा आहे. विंझरला कोणाकडे सत्यनारायण सांगायचा आहे का, याची मी दोन ठिकाणी चौकशी करून पाहिली. नाही. वैरणीचा भाव विचारायला विंझर फार लांब पडतं. हे पत्र कुठल्या टपालाने तुमच्यापर्यंत जायचं ते मला ठाऊक नाही, तेव्हा आईने परत घेतलेल्या त्या शालीच्या घडीत ते ठेवीन. ती शाल कोणी उलगडत नाही.

तुम्हांला उत्रोलीचं खाचर भेटलं होतं. मला वरंध्याच्या घाटात धुक्यातलं एक वळण भेटलं, ते मी तुम्हांला कधी सांगितलं नाही. त्यानंतर आपल्या दोघांचाही पाय उताराआधी आपोआप हलका व्हायचा. तुमच्या नातवाचा हिशेब बरोबर आहे, साखळ्या पक्क्या आहेत, शेंदूर टायरच्या वर आहे. पण तो अजून एकदाही घाबरलेला नाही, बाबा. मला त्याचीच भीती वाटते आहे.